जुनं घर विकायचंय? आधी ओल काढा, मग रंग लावा

घर विकायला काढलंय हे कळलं की ग्राहकांच्या आधी सल्ले येतात. ‘किचन मॉड्युलर करून टाका.’ ‘खाली व्हिट्रिफाइड टाइल्स घाला.’ ‘फॉल्स सीलिंग केलंत की बघा, पाच लाख जास्त मिळतील.’ सांगणाऱ्याचं काही जात नाही, पैसे तुमचे जातात. आणि जुनं घर विकणाऱ्याकडे तेवढे पैसे बहुतेक वेळा नसतातच. पैशांसाठीच तर घर विकायचं असतं!

माझ्या आत्याचं असंच झालं. डोंबिवली पूर्वेला तिचं वन बीएचके घर, इमारत १९८६ची. दुसरा मजला, लिफ्ट नाही. आतोबा गेल्यावर ती एकटीच राहत होती आणि गुडघ्यांनी आता जिना नको म्हटलं होतं. माझ्या आतेबहिणीने पुण्यात स्वतःच्या घराजवळ लिफ्ट असलेल्या इमारतीत एक फ्लॅट बघितला. दसऱ्याला टोकन दिलं. उरलेली रक्कम मार्चअखेरपर्यंत द्यायची होती आणि ती डोंबिवलीचं घर विकूनच येणार होती.

आत्याने ४२ लाख सांगितले. दोन महिन्यांत अकरा कुटुंबं घर बघून गेली. चहा प्यायले, ‘कळवतो’ म्हणाले. एकानेच भाव सांगितला, तोही ३६ लाख. एजंट म्हणाला, ‘घर जुनं दिसतंय हो.’ बेंगळुरूहून आतेभावाने फोनवर सात लाखांचं मेकओव्हरचं अंदाजपत्रक पाठवलं.

एका रविवारी मी तिथेच होते. एक तरुण जोडपं आलं होतं. तिने हॉलमध्ये फारसं काही बघितलं नाही. बेडरूममध्ये गेली, कपाटामागच्या भिंतीवर तळहात टेकवला. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला, पाणी किती वेळात जातंय ते बघितलं. बाहेर येऊन नवऱ्याला हळूच म्हणाली, “इथं ओल आहे. अजून काय काय असेल कोण जाणे.”

त्या एका वाक्याने आमचं सगळं नियोजन बदललं. घर जुनं आहे हे ग्राहकाला येण्याआधीच माहीत असतं. त्याला भीती वाटते ती न दिसणाऱ्या खर्चाची. ती भीती घालवायला सात लाख लागत नाहीत.

घेणाऱ्याच्या खिशात काय उरतं?

तुमचं घर घेणाऱ्याचा हिशेब एकदा त्याच्या जागी बसून मांडा. समजा, घर ४० लाखांचं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांच्या वर आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम देऊ शकते. म्हणजे ३२ लाख. उरलेले ८ लाख त्याचे स्वतःचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च बँक या किमतीत धरत नाही. महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत मुद्रांक शुल्क साधारण सहा-सात टक्के धरलं, तर आणखी अडीच लाखांच्या आसपास. नोंदणी शुल्क ३० हजार. वर एजंटची दलाली, सामान हलवायचा टेम्पो, गॅस, मीटर.

म्हणजे राहायला येण्याआधीच त्याचे अकरा-बारा लाख रोख संपलेले असतात. त्यानंतर ‘पहिल्याच महिन्यात बाथरूम फोडावं लागणार’ असं त्याच्या लक्षात आलं, तर तो एक तर पाठ फिरवतो, नाही तर भाव पाडतो. आणि भाव पाडताना दुरुस्तीच्या खऱ्या खर्चाच्या दुप्पट-तिप्पट पाडतो, कारण नेमका खर्च त्याला माहीत नसतो.

म्हणून खर्च करायच्या प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारा: हे आहे तसं ठेवलं, तर नवीन माणूस उद्या इथे राहायला येऊ शकेल का? येऊ शकत नसेल तर दुरुस्त करा. येऊ शकत असेल आणि प्रश्न फक्त आवडीचा असेल, तर ते त्याच्यावर सोडा.

ओल कुठून येते ते आधी शोधा

पोपडे आले की आपण खरवडून, पुट्टी भरून रंग मारतो. दोन महिन्यांत तिथेच पुन्हा फुगवटा येतो. ओल आत तशीच असेल तर कितीही महाग रंग टिकत नाही.

ओल शोधायच्या काही सोप्या खुणा आहेत. पावसाळ्यात वाढते आणि दिवाळीनंतर सुकते, ती बहुतेक बाहेरच्या भिंतीतून, गच्चीतून किंवा खिडकीच्या कडेने येते. बारा महिने सारखीच असते, ती बाथरूमची किंवा पाइपची. भिंतीवर पांढरी पूड दिसली, तर पाण्याबरोबर आलेले ते क्षार असतात. म्हणजे पाणी त्या वाटेने बराच काळ येतंय. शंका असेल तर प्लॅस्टिकचा वीतभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूने थेंब जमले, तर ओल भिंतीच्या आत आहे. खोलीकडच्या बाजूने जमले, तर हवा कोंडते आहे आणि खिडकी उघडी ठेवण्याची गरज आहे.

आत्याकडे पाऊस संपून दोन महिने झाले तरी भिंत गार लागत होती. तेव्हा संशय वरच्या बाथरूमवर गेला. वरचे काका म्हणाले, “आमच्याकडे काही गळत नाही.” आत्या भांडली नाही. फराळाचा डबा घेऊन वर गेली आणि एक दिवस त्यांच्या बाथरूमच्या जाळीला बोळा लावून पाणी साठवून ठेवायची परवानगी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या छताला ताजा डाग होता. मग काकांनी स्वतःच प्लंबर बोलावला. नहाणी ट्रॅपच्या कडेने पाणी झिरपत होतं.

हे खर्च कुणाचे, यावरून सोसायट्यांमध्ये वर्षानुवर्षं वाद चालतात. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइप यांची दुरुस्ती सोसायटीने करायची असते. घराच्या आतल्या नळजोडणीची आणि बाथरूमची दुरुस्ती त्या त्या सदनिकाधारकाने. तुम्ही इंदूर, बडोदा किंवा हैदराबादला राहत असाल, तर तिथल्या सोसायटीचे नियम विचारून घ्या.

गळती थांबली की लगेच रंगारी बोलावू नका. आम्ही तिथलं भुसभुशीत प्लास्टर विटेपर्यंत काढलं, पंखा लावून भिंत सुकू दिली, नवीन प्लास्टर केलं, त्यावर आठवडाभर पाणी मारलं आणि तेही सुकेपर्यंत थांबलो. यात जवळपास दोन महिने गेले. घर पुढच्या वर्षी विकायचं असेल, तर या पावसाळ्यात ओलीच्या जागांचे फोटो काढून ठेवा, ऑक्टोबरच्या उन्हात काम काढा. म्हणजे गुढीपाडव्याच्या खरेदीच्या हंगामात घर तयार असेल.

बाथरूम: थोडा खर्च इथेच करा

घर बघायला आलेली माणसं हॉलमध्ये बसतात, पण निर्णय बाथरूमच्या दारात होतो. १९८०-९०च्या इमारतींत संडास आणि बाथरूम वेगळे असतात. सकाळच्या घाईत ही खरं तर सोय आहे, त्यामुळे मधली भिंत पाडून एक करू नका. भारतीय पद्धतीचं भांडं असेल, तर मात्र तिथे कमोड बसवण्याचा विचार करा. घरात ज्येष्ठ मंडळी असणारं कुटुंब हे आधी विचारतं.

टाइल्स शाबूत असतील तर फोडू नका. मधल्या फटी खरवडून नवीन ग्राउट भरलं की निम्मं काम होतं. टपकणारे नळ, गंजलेला शॉवर, हलणारी फ्लशची टाकी, खालून कुजलेलं दार या गोष्टी बदला. दाराला वाळवी असेल, तर ते रंगवून झाकू नका, पीव्हीसीचं दार बसवा. जाळीतून वास येत असेल, तर तिथे पाणी अडून राहणारा ट्रॅप आहे का, ते प्लंबरकडून बघून घ्या.

वायरिंग आणि दुरुस्तीची हद्द

चिनी मातीचे फ्यूज असलेला बोर्ड बघितला की जाणकार ग्राहक लगेच विचारतो, “एसी लावता येईल का?” तीस-चाळीस वर्षांपूर्वी घरात पंखे, ट्यूबलाइट, फ्रिज आणि फार तर मिक्सर असायचा. त्या हिशेबाने टाकलेल्या वायरवर आज गीझर, मायक्रोवेव्ह आणि एसी चालवणं धोक्याचं आहे. एमसीबी आणि विजेचा धक्का बसण्यापासून वाचवणारा आरसीसीबी असलेला नवीन बोर्ड, स्वयंपाकघर-बाथरूमच्या नव्या वायर आणि अर्थिंगची तपासणी एवढं परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. त्याचं बिल फाइलमध्ये ठेवा आणि ग्राहकाला दाखवा.

एक हद्द मात्र ओलांडू नका. कॉलम, बीम, स्लॅब यांना हात लावायचा नाही. हॉल मोठा दिसावा म्हणून भिंत पाडण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरचा सल्ला लागतो. महाराष्ट्रातल्या महापालिका हद्दीत ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं कायद्याने आवश्यक आहे. तुमच्या इमारतीचं झालं असेल, तर त्या अहवालाची प्रत सोसायटीकडून घेऊन ठेवा. जुन्या घरावर कर्ज देताना बँकही इमारतीचं उरलेलं आयुष्य बघते.

स्वयंपाकघर आणि फरशी: इथे हात आखडता घ्या

आतेभावाच्या सात लाखांपैकी जवळपास निम्मे मॉड्युलर किचनचे आणि फरशीचे होते. दोन्ही आम्ही गाळले.

स्वयंपाकघर ज्याचं त्याने ठरवायचं असतं. कुणाला ओटा उंच हवा, कुणाला डिशवॉशरची जागा, कुणाला पाण्याच्या पिंपासाठी कोपरा. तुम्ही हौसेने लावलेला लाल चकचकीत लॅमिनेट पुढच्या माणसाला नकोसा वाटू शकतो, आणि त्याचे पैसे तो देणार नाही. आत्याचा ओटा कडप्प्याचा होता. तो घासून घेतला, सिंकखालचा गळका पाइप बदलला, कढईच्या फोडण्यांनी चिकट झालेल्या टाइल्स कॉस्टिक सोड्याने स्वच्छ करून घेतल्या. सोडा हाताला भाजतो, म्हणून हे काम हातमोजे घालून आणि खिडक्या उघड्या ठेवूनच करा.

फरशी मोझेकची होती. पिवळट, डागाळलेली. मशीनने घासून पॉलिश केल्यावर आतले पांढरे, तपकिरी खडे असे उजळले की आत्या म्हणाली, “अगं, घर घेतलं तेव्हा अश्शीच होती!” घासताना घरभर राखाडी चिखल होतो, म्हणून हे काम रंगाचा शेवटचा हात मारण्याआधी उरका. जुन्या फरशीवर नवी टाइल चिकटवायचा मोह झाला, तर दोन गोष्टी लक्षात घ्या: फरशी वर येते म्हणून सगळी दारं खालून तासावी लागतात, आणि जुन्या स्लॅबवर वजन वाढतं.

पसारा, उजेड, वास

या भागाला पैसे कमी लागतात, पण मन घट्ट करावं लागतं. आत्याच्या माळ्यावर काय नव्हतं? तांब्याचे बंब, आतेभावाची अकरावीची जर्नल्स, तीन गाद्या. माळा गच्च भरलेला दिसला, की घरात जागा कमी आहे असंच वाटतं. भंगारवाला दोनदा येऊन गेला.

खिडक्यांच्या बाहेर काढलेल्या ग्रिलमध्ये कुंड्या, सायकल आणि जुने डबे होते. ते हलवले, काचा धुतल्या, फाटकी मच्छरदाणीची जाळी बदलली. हॉलमध्ये दुपारी चार वाजताही ट्यूब लावावी लागायची, ती लागेनाशी झाली. भिंतींना फिका, बिनचमकीचा रंग लावला. चमकदार रंगात जुन्या भिंतीचे उंचवटे उठून दिसतात.

देवघर हलवू नका, फक्त आवरून ठेवा. घर बघायला येण्याच्या दिवशी सकाळीच मासे किंवा फोडणीचं जड काही करू नका. रूम फ्रेशनर भसाभस मारू नका, काहीतरी लपवताय अशी शंका येते. खिडक्या तासभर आधी उघडल्या तरी पुरे.

हॉलच्या मधोमध आत्याचा झोपाळा होता. लाकडी पाट, पितळी कड्या. संध्याकाळची पोथी आणि भाजी निवडणं सगळं त्यावरच. खोली मोकळी दिसावी म्हणून तो उतरवायला हवा होता. आत्या दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच शेजारच्या मुलाला बोलावून तो काढून घेतला आणि कड्या चिंचेने घासायला बसली. छतातले हूक मात्र तिने काढू दिले नाहीत.

आमचा खर्च असा झाला:

• प्लंबिंग आणि भिंतीचं प्लास्टर: १८ हजार
• बाथरूम आणि संडास: ५८ हजार
• वायरिंग: ३२ हजार
• फरशीचं पॉलिश: १४ हजार
• रंग: ४६ हजार
• दार, कुलूप, दिवे, जाळ्या, साफसफाई: १७ हजार

एकूण १ लाख ८५ हजार. तुमच्या शहरातले मजुरीचे दर आणि घराची अवस्था यानुसार आकडा बदलेल. किमान तीन ठिकाणांहून लेखी अंदाज घ्या आणि पूर्ण पैसे आधी देऊ नका.

लपवलं तर महागात पडेल

ओलीवर वॉलपेपर, तड्यासमोर कपाट असे ‘जुगाड’ सांगणारे भेटतील. ऐकू नका. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ नुसार विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणं ही विकणाऱ्याचीच जबाबदारी आहे. आम्ही गळतीचे आधीचे फोटो, दुरुस्तीचे फोटो आणि प्लंबरचं बिल एका पातळ फाइलमध्ये लावलं आणि प्रत्येकाला न विचारता दाखवलं. ‘गळत होतं, हे केलं, आता बंद आहे’ असं स्पष्ट सांगितल्यावर लोक उलट निश्चिंत होत होते.

भिंती झाल्या, कागदांचं काय?

इथे आम्ही चुकलो, म्हणून तुम्हाला आधीच सांगते. घर आतोबांच्या नावावर होतं. नॉमिनी म्हणून सोसायटीने शेअर सर्टिफिकेट आत्याच्या नावावर केलं होतं. आम्हाला वाटलं, झालं काम. पण नॉमिनी झाल्याने कुणी आपोआप एकटा मालक होत नाही, बाकीच्या वारसांचे हक्क उरतातच. ग्राहकाच्या बँकेच्या वकिलाने दोन्ही मुलांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागितलं. आतेभावाला बेंगळुरूहून यावं लागलं आणि ऐन मार्चमध्ये दोन आठवडे गेले.

म्हणून रंगाच्या आधी ही फाइल तयार करा:

• मूळ खरेदी करार आणि त्याआधीच्या मालकांचे करार, नोंदणीच्या पावत्यांसह
• इंडेक्स टू
• शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराची पावती
• सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र आणि ना हरकत दाखला
• जुनं कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र
• मूळ मालक हयात नसतील तर मृत्यू दाखला, वारसांचे कागद, हक्कसोडपत्र

दुरुस्तीची बिलंही जपून ठेवा. घर २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ तुमच्याकडे असेल, तर नफ्यावर दीर्घकालीन भांडवली लाभाचा कर लागतो. २३ जुलै २०२४ पासून हा दर महागाई निर्देशांकाचा फायदा न घेता १२.५ टक्के आहे. त्या तारखेआधी घेतलेल्या घरासाठी भारतात राहणाऱ्या व्यक्तीला निर्देशांकासह २० टक्क्यांनी हिशेब करून कमी कर भरण्याची मुभा आहे. कायमस्वरूपी सुधारणांचा खर्च नफ्यातून वजा होऊ शकतो, नेहमीचा रंग आणि किरकोळ डागडुजी साधारणपणे होत नाही. घर १ एप्रिल २००१ पूर्वीचं असेल, तर त्या दिवशीचं बाजारमूल्य मूळ किंमत म्हणून धरता येतं. हा हिशेब करार करण्याआधी सीएकडून करून घ्या. आणि व्यवहारातले पैसे बँकेतूनच घ्या, स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला कायद्याने बंदी आहे.

शेवटी काय झालं?

फेब्रुवारीत पुन्हा घर दाखवायला सुरुवात केली. पाचवं कुटुंब थांबलं. तो रेल्वेत, ती शाळेत शिक्षिका, बरोबर तिची आई. त्यांनी फाइल शांतपणे वाचली, बेडरूमच्या भिंतीवर हात ठेवून बघितला. भाव ४० लाख ५० हजारांवर ठरला. कागदांमुळे उशीर झाला, तेव्हा पुण्याच्या घरमालकांनी पंधरा दिवसांची मुदत वाढवून दिली म्हणून आत्याचं टोकन वाचलं.

मे महिन्यात आत्याला जुन्या शेजाऱ्यांकडून कळलं, की नव्या मंडळींनी सगळ्यात आधी ओटा फोडला आणि स्वयंपाकघर त्यांच्या मनासारखं करून घेतलं. आमचे तीन लाख तिथेच ढिगाऱ्यात गेले असते. मोझेकची फरशी मात्र त्यांनी ठेवली.

आणि हो, करार ठरला त्या दिवशी त्या शिक्षिकेची आई हॉलमध्ये छताकडे बघत उभी होती. “इथं झोपाळा होता का हो?” तिने विचारलं. आत्या आत गेली आणि चिंचेने घासलेल्या कड्या घेऊन आली. पुण्याच्या घरात छताला हूक नाहीत, त्यामुळे झोपाळा तिथेच राहिला. तो मात्र किमतीत धरला नव्हता.